आषाढातला विसर

मृग लागला की त्र्यंबकेश्वरापलीकडचा डोंगराळ मुलूख ढगांत जातो, तो भाद्रपद सरेपर्यंत पुरता बाहेर येत नाही. हरसूल हे या मुलखाचं बाजारगाव. पेठ, मोखाडा, जव्हार हे शेजारचे तालुके, पलीकडे गुजरातची हद्द. महादेव कोळी, वारली, कोकणा समाजांचे पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले. त्र्यंबकेश्वर तालुक्यात वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. राबावर वाढलेली रोपं उपटायची, चिखल करायचा, आवणी उरकायची, वरकस जमिनीत नागली-वरई लावायची, अशी सगळी घाई याच दिवसांत.

अशा घाईत एखाद्या घरातून तक्रार आली, की हल्ली काही ध्यानातच राहत नाही, तर तिच्याकडे आजार म्हणून कोण पाहणार? तव्यावरची भाकरी करपते. विळा कुठे ठेवला ते आठवत नाही. बाजारात पोचलेला माणूस कशासाठी आलो होतो याचा विचार करत उभा राहतो. आश्रमशाळेतला मुलगा तेच पान पुन्हा पुन्हा वाचतो आणि पान डोक्यात शिरत नाही. म्हातारं माणूस असेल तर ‘वय झालं’, बाई असेल तर ‘वेंधळी झाली’, मुलगा असेल तर ‘अभ्यासात जीव नाही’, अशी उत्तरं तयारच असतात. दिवाळीपर्यंत तक्रार आपोआप मावळली तर ती कोणाच्या लक्षातही राहत नाही. पुढच्या आषाढात ती परत आली तरी मागच्या वर्षीशी तिचं नातं कोणी जोडत नाही.

ऋतूबरोबर येणारं आणि ऋतूबरोबर जाणारं नैराश्य असतं, हे मानसोपचारशास्त्राला मान्य होऊन आता चाळीस वर्षं झाली. त्याच्या बहुतेक कथा बर्फाळ देशांतल्या आहेत. हरसूलसारख्या ठिकाणी मात्र त्याचा विचार करताना केवळ उजेडाकडे पाहून भागत नाही. माणसाचं लक्ष उजेड, झोप, पोटभर अन्न आणि चिंतेपासून थोडी मोकळीक या चार गोष्टींवर टिकून असतं. पश्चिम घाटाच्या पावसाळ्यात या चारही गोष्टी एकाच वेळी कमी पडू शकतात.

विसर नेमका कुठे पडतो

आठवण तीन टप्प्यांत घडते. आधी गोष्ट टिपली जाते, मग साठवली जाते आणि गरज पडली की बाहेर काढली जाते. स्मृतिभ्रंशात, म्हणजे अल्झायमरसारख्या आजारात, मुख्यतः साठवण ढासळते. नैराश्यात बहुतेक वेळा पहिला टप्पाच कच्चा राहतो. विळा ठेवताना मन तिथे नव्हतं, त्यामुळे विळा कुठे ठेवला याची नोंदच झाली नाही. जी नोंद झाली नाही ती नंतर कितीही डोकं खाजवलं तरी सापडणार नाही.

मन तिथे का नव्हतं? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडलं, की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरून ठेवू शकतो. पुढे नेल्सन कोवान यांनी हा आकडा चारच्या आसपास असल्याचं दाखवलं. म्हणजे प्रत्येकाच्या मनात चारच ओळी मावतील एवढी पाटी असते. नैराश्यातल्या माणसाच्या पाटीवर त्यातल्या तीन ओळी आधीच भरलेल्या असतात: आपलं काही खरं नाही, हे असंच चालणार, सगळी चूक माझी. उरलेल्या एका ओळीवर त्याला घर, शेत, शाळा आणि बाजार चालवायचा असतो. बाहेरून तो निवांत बसलेला दिसतो. आत मात्र त्याच त्या विचारांचं रवंथ थांबत नाही.

याला शरीराचीही जोड असते. दीर्घ ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढं राहतं आणि नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाला ते मानवत नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो लक्ष एका जागी धरून ठेवतो आणि कामाचा क्रम लावतो, तोही मंदावतो. म्हणूनच ‘विचार करण्याची किंवा लक्ष एकाग्र करण्याची क्षमता कमी होणं’ हे नैराश्याच्या नऊ अधिकृत लक्षणांपैकी एक आहे. या नवांपैकी किमान पाच लक्षणं दोन आठवडे टिकली, त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक असलं आणि रोजच्या जगण्यात त्यामुळे अडथळा आला, तर डॉक्टर नैराश्याचं निदान करतात.

विसराचा आणखी एक प्रकार आहे आणि तो सहज लक्षात येत नाही. १९८६ मध्ये मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांना एकेक शब्द देऊन त्यावरून आयुष्यातला एखादा नेमका प्रसंग सांगायला लावलं. रुग्ण प्रसंगाऐवजी सरसकट विधान करत. आपल्याकडच्या बोहाड्याच्या, म्हणजे सोंगांच्या उत्सवाच्या उदाहरणाने सांगायचं, तर ‘आनंद’ म्हटल्यावर निरोगी माणूस म्हणेल, ‘परवाच्या बोहाड्यात पोराने पहिल्यांदा सोंग घेतलं, ती रात्र.’ नैराश्यातला माणूस म्हणेल, ‘पूर्वी बोहाड्याला जायचो, तेव्हा बरं वाटायचं.’ त्याच्या आठवणीतून ती रात्र, तो मुलगा, ते सोंग गळून जातं. याचा व्यवहारात मोठा तोटा होतो. मागच्या वर्षी अडचण आली तेव्हा आपण नेमकं काय केलं होतं, हे नेमकेपणाने आठवलं नाही तर यंदाच्या अडचणीवर उपाय सुचत नाही. मग ‘काहीच होणार नाही’ हा विचार अधिक पक्का होतो.

आणि मन सावरलं तरी लक्ष लगेच सावरत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. उदासी ओसरल्यानंतरही एकाग्रतेतली कसर बऱ्याच रुग्णांत मागे राहते, असं त्यांना दिसलं. सप्टेंबरात हसू लागलेल्या मुलाचे सहामाहीचे गुण कमी आले, तर त्याचं कारण आळसच असेल असं नाही.

चाळीस वर्षांपूर्वीची नोंद

नैराश्याचं ऋतूशी असलेलं नातं कसं उमगलं, ते आता पाहू. नॉर्मन रोझेंथल हे दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे डॉक्टर १९७६ मध्ये न्यूयॉर्कला गेले. उन्हाच्या देशातून आलेल्या या माणसाला तिथल्या हिवाळ्यात आपला कामाचा झपाटा ओसरल्याचं जाणवलं आणि वसंतात तो झपाटा परत आला. पुढे ते अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत रुजू झाले. तिथे आल्फ्रेड ल्यूई यांनी १९८० मध्ये दाखवून दिलं होतं, की पुरेसा प्रखर उजेड डोळ्यांवर पडला तर माणसाच्या शरीरातलं मेलाटोनिन, म्हणजे रात्रीचं संप्रेरक, दबतं. घरातला साधा दिवा त्यासाठी पुरत नव्हता. सुमारे २,५०० लक्स लागत होते.

याच सुमारास हर्ब कर्न नावाचे अभियंता संस्थेकडे आले. आपल्या मनाच्या चढउतारांच्या त्यांनी वर्षानुवर्षं वह्या भरल्या होत्या आणि त्या वह्यांत ऋतूंची लय स्पष्ट दिसत होती. हिवाळ्यात त्यांना पहाटे आणि संध्याकाळी प्रखर दिव्यांसमोर बसवून दिवस कृत्रिमपणे लांबवण्यात आला. काही दिवसांतच त्यांना उभारी आली. हा अनुभव १९८२ मध्ये शोधनिबंध म्हणून छापला गेला आणि लेखकांत खुद्द कर्न यांचं नाव होतं. १९८४ मध्ये रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी २९ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध करून या आजाराला नाव दिलं. या सगळ्याची सुरुवात एका रुग्णाच्या वहीतून झाली. महिन्यांची नोंद ठेवली नसती तर आजाराचं वेळापत्रक दिसलंच नसतं.

आज हा स्वतंत्र आजार न मानता नैराश्याचा ‘ऋतुबद्ध प्रकार’ मानला जातो. लागोपाठ किमान दोन वर्षं ठरावीक ऋतूत नैराश्य यावं, ठरावीक काळात ते पूर्ण जावं आणि त्या दोन वर्षांत इतर वेळी येऊ नये, अशी अट असते. हिवाळी प्रकारात माणूस खूप झोपतो, गोड आणि पिष्टमय खातो, वजन वाढतं. थॉमस वेर यांनी १९८७ मध्ये उन्हाळी प्रकारही वर्णिला. त्यात झोप उडते, भूक मरते, चिडचिड वाढते.

दिवस मोठा, उजेड थोडा

आता हा हिवाळी नमुना उचलून हरसूलला लावून पाहू. नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. हरसूल विषुववृत्तापासून जेमतेम वीस अंश उत्तरेला आहे. इथला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा, सर्वांत मोठा सव्वातेरा तासांहून थोडा जास्त. शिवाय मोठा दिवस येतो तो २१ जूनला, म्हणजे पावसाने जोर धरायच्या वेळी. युरोपात अंधाराचा काळ म्हणजे लहान दिवसांचा काळ. सह्याद्रीत अंधाराचा काळ वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसांना लागून येतो. इथे रात्र लांबत नाही, ढगांमुळे उजेडाची प्रखरता घटते.

ही घट किती असते, याचा अंदाज मुंबईच्या नोंदींवरून येतो. दीर्घकालीन सरासरीनुसार मुंबईत मे महिन्यात जवळजवळ २९० तास स्वच्छ ऊन मिळतं, जुलैत सुमारे ७५ तास. दिवसाला अडीच तासही नाही. असा जुलै लंडनच्या हिवाळी महिन्यांच्या पंगतीत बसतो.

प्रखरता घटल्याने मेंदूला फरक पडतो का? ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००२ मध्ये १०१ निरोगी पुरुषांच्या मानेतल्या शिरेतून रक्ताचे नमुने घेतले. मेंदूतली सेरोटोनिनची उलाढाल हिवाळ्यात सर्वांत कमी होती आणि त्या-त्या दिवशी मिळालेल्या प्रखर उन्हाबरोबर ती वाढत होती. सेरोटोनिन म्हणजे नैराश्यावरची बरीच औषधं ज्याच्यावर काम करतात ते रसायन. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाने २०१६ मध्ये २८ तरुणांना साडेचार दिवस प्रयोगशाळेत, बाहेरच्या ऋतूपासून तोडून ठेवलं आणि मग त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. सतत लक्ष देण्याच्या कामाला मेंदूचा प्रतिसाद उन्हाळ्यात सर्वाधिक आणि हिवाळ्यात सर्वांत कमी होता. गंमत अशी, की प्रत्यक्ष कामगिरीत फरक पडला नाही. निरोगी माणसाचा मेंदू ऋतूची भरपाई करून घेतो. नैराश्यात ती भरपाई जमणं अवघड होत जातं.

हा उजेड मोजणाऱ्या पेशी डोळ्यांतच असतात, पण पाहण्याचं काम करणाऱ्या पेशींहून त्या वेगळ्या आहेत. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांनी दाखवलं, की दृष्टिपटलातल्या काही पेशी मेलानोप्सिन या द्रव्याच्या साहाय्याने स्वतःच उजेड टिपतात आणि मेंदूतल्या मुख्य घड्याळाला दिवस उजाडल्याचं कळवतात. पाहणारा डोळा अंधाराला चटकन सरावतो, म्हणून घरात उजेड कमी आहे हे आपल्याला जाणवतच नाही. स्वच्छ दुपारी उघड्यावर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. दाट ढगांखालीही तो काही हजारांत राहतो. ट्यूबलाइटच्या खोलीत तो काहीशे लक्सवर येतो. कारवीच्या कुडाचं, एका दाराचं, चुलीच्या धुराने काळवंडलेलं घर असेल तर शंभराच्याही खाली.

या आकड्यांतून एक अनपेक्षित गोष्ट पुढे येते. गुडघाभर चिखलात आवणी करणाऱ्या बाईला भर पावसातही नाशिकमधल्या कार्यालयात बसलेल्या बाबूच्या कैक पट उजेड मिळतो. पावसाळी उदासीचा धोका शेतात राबणाऱ्यापेक्षा आत अडकलेल्याला अधिक असायला हवा: घराबाहेर न पडणारी म्हातारी, बाळंतीण, दुखणाईत, आणि खिडक्या लावून घेतलेल्या वसतिगृहातला विद्यार्थी. कोण उदास आहे हे शोधायला निघालेल्या आशा कार्यकर्तीने आधी या घरांत डोकावावं.

झोपेचाही इथे संबंध आहे. दिवसा पुरेसा उजेड नाही आणि रात्री उशिरापर्यंत डोळ्यांपुढे मोबाइल, अशाने शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्रीतला फरक धड कळत नाही. त्यात गळकं छप्पर, डास, ओल. दिवसभरात टिपलेल्या गोष्टी गाढ झोपेत पक्क्या होतात. तुटक झोपेच्या रात्रीनंतर आदल्या दिवसाचं विस्मरण होणं अगदी स्वाभाविक आहे.

कणगी तळाला जाते तेव्हा

पाश्चात्त्य पुस्तकांतलं ऋतुबद्ध नैराश्य बहुतेक भरल्या पोटी येतं. हरसूल परिसरातला पावसाळा हा टंचाईचा काळ आहे. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं नाशिकच्या द्राक्षबागांत, बांधकामांवर, गुजरातेत मजुरीला जातात आणि मृगाआधी परततात. जमवलेला पैसा बी-बियाणं, शाळा आणि घरावरच्या छपरात जातो. कणगीतला भात-नागली सरत येते आणि नवं पीक दिवाळीच्या आगेमागे हाती येणार असतं. शेवळी, कवळी, लोत अशा रानभाज्या ताटाला आधार देतात, पण धान्याची उणीव त्या भरून काढू शकत नाहीत. १९९२ मध्ये शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. उपासमारीलाही या भागात ऋतू असतो, हे तेव्हा शहरांना कळलं.

सरकारला ते आधीही ठाऊक होतं. पावसाळ्यात आदिवासी कुटुंबाला सावकाराच्या दारी जावं लागू नये म्हणून १९७८ पासून खावटी कर्ज योजना होती. नाशिकला मुख्यालय असलेल्या आदिवासी विकास महामंडळामार्फत ती राबवली जाई. मध्ये खंड पडून २०२० मध्ये ती अनुदान म्हणून पुन्हा आली: कुटुंबाला चार हजार रुपये, निम्मे बँक खात्यात आणि निम्म्यांचं धान्य-किराणा.

टंचाईचा लक्षावर काय परिणाम होतो, याचा एक गाजलेला प्रयोग भारतातच झाला. आनंदी मणी, सेंथिल मुल्लईनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची तीच बौद्धिक चाचणी पीक निघण्याआधी आणि नंतर घेतली. अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापला गेला. पिकाआधी, हात आखडलेला असताना, सरासरी ४.३५ उत्तरं बरोबर आली. तेच शेतकरी पिकानंतर ५.४५ वर गेले. तिथे साखर कारखाने प्रत्येकाला तोडणीची वेगवेगळी तारीख देतात. त्यामुळे फरक पैशाच्या चणचणीचा की हवामानाचा, हे संशोधकांना निराळं करून पाहता आलं. या निष्कर्षाबद्दल मतभेदही आहेत. अमेरिकेत पगाराआधी आणि पगारानंतर घेतलेल्या चाचण्यांत, २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासाला असा फरक आढळला नाही. चार दिवसांची ओढाताण आणि चार महिन्यांची टंचाई यांत मात्र अंतर आहे.

हरसूलला मात्र चणचण आणि हवामान हे दोन धागे निराळे करता येत नाहीत. ढग, तुटक झोप, रिकामी होत जाणारी कणगी आणि पिकाची धाकधूक एकाच महिन्यात येतात. शिवाय वाट बंद होते. याच परिसरातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीवर आडव्या टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून पाण्याला जातात, ही छायाचित्रं २०२२ च्या सुरुवातीला राज्यभर गाजली. त्यानंतर बसवलेला लोखंडी पूल त्याच वर्षीच्या पावसाळ्यात वाहून गेला. ज्या महिन्यांत डॉक्टरची गरज वाढते, नेमक्या त्याच महिन्यांत डॉक्टरपर्यंतचा रस्ता अवघड होतो.

म्हणून एखाद्या आषाढात माणूस विसरभोळा झाला, तर त्याला फक्त ‘सकाळचं ऊन घे’ सांगणं अपुरं आहे. रेशन वेळेवर पोचणं, खावटीसारखी मदत पावसाआधी हाती पडणं, रोजगार हमीचं वेतन न अडकणं, या गोष्टीही एकाग्रतेवरचे उपाय आहेत, मग त्या आरोग्य खात्याच्या यादीत नसल्या तरी.

आधी हे तपासा

पावसाळ्यातल्या प्रत्येक विसराला नैराश्य म्हणणंही चुकीचं ठरेल. रक्तक्षय, थायरॉइडचा मंदपणा, ताप-मलेरियानंतरचा अशक्तपणा आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतही लक्ष लागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे आणि भोवतालच्या पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ६७ टक्क्यांत ब-१२ कमी होतं. दारूनेही झोप आणि स्मरण दोन्ही बिघडतं. या तपासण्या सोप्या आहेत आणि उपचार बहुधा स्वस्त.

वृद्धांच्या बाबतीत घाई करू नये. नैराश्यामुळे येणारा विसर स्मृतिभ्रंशासारखा भासू शकतो. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लेस्ली किलो यांनी १९६१ मध्ये अशा रुग्णांकडे लक्ष वेधलं होतं. ढोबळ फरक असा, की नैराश्यातली आजी स्वतःच सांगते, ‘मला काही आठवत नाही, डोकं चालत नाही.’ प्रश्न विचारला तर विचार न करताच ‘माहीत नाही’ म्हणते. सुरुवातीच्या स्मृतिभ्रंशातली आजी बरेचदा विसर पडल्याचं नाकारते आणि घरचेच तक्रार घेऊन येतात. पहिली आजी उपचारांनी बऱ्याच अंशी सावरू शकते. तिला वयाच्या नावाखाली सोडून देणं हा अन्याय ठरतो. अर्थात काही वेळा असं नैराश्य ही स्मृतिभ्रंशाची पहिली खूण असते, म्हणून बरं वाटल्यावरही तिच्यावर लक्ष ठेवावं.

तपासणीची भाषाही इथली हवी. नैराश्य मोजायच्या प्रचलित प्रश्नावलीत एकाग्रतेचा प्रश्न वर्तमानपत्र वाचण्यावर आणि टीव्ही पाहण्यावर बेतलेला आहे. ज्या घरात वर्तमानपत्र येत नाही तिथे तो निरर्थक ठरतो. तांदूळ निवडताना खडे राहतात का, हिशोब करताना आकडा सुटतो का, गुरं मोजताना पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं का, असं विचारलं तर खरं उत्तर मिळेल. आणि उदासीचं नाव बहुतेक जण घेत नाहीत. ‘डोकं जड झालंय’, ‘अंगात जीव नाही’, ‘करमत नाही’ असं सांगतात. भगताकडे जाऊन आलेला माणूसही डॉक्टरांकडे येऊ शकतो, त्याला त्यावरून बोल लावू नये.

काय करता येतं

उजेडाचा उपाय या भागात फुकट आहे. परदेशात १०,००० लक्सच्या दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसवतात. आपल्याकडे पावसाने उघडीप दिली की सकाळी पडवीत, ओट्यावर किंवा शेतावर तासभर थांबलं तरी घरातल्यापेक्षा कैक पट उजेड डोळ्यांत जातो. सूर्याकडे बघायची गरज नाही. ज्यांना कधी उन्मादाचा झटका आला आहे किंवा दृष्टिपटलाचा विकार आहे, त्यांनी दिव्याची पेटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

दुसरा उपाय गोव्यात पारखून पाहिला गेला आहे. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचा अभ्यास केला आणि तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना रोजची लहान, ठरलेली कामं पुन्हा सुरू करायला मदत केली. मन लागेल तेव्हा काम करू, असं न म्हणता काम सुरू करायचं आणि मनाला मागून येऊ द्यायचं, असं त्याचं सूत्र. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटातले ३९ टक्के. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत काम केलं. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. दोन्ही ठिकाणी हे काम तज्ज्ञांची फौज न आणता झालं.

विसरासाठी वेगळे उपायही करावेत. विळा, चावी, पासबुक यांच्या जागा ठरवाव्यात आणि त्या बदलू नयेत. एका वेळी एकच काम सांगावं. बाजाराची यादी मुलाकडून लिहून घ्यावी किंवा बोटांवर मोजून न्यावी. कर्ज घेणं, जनावर विकणं असे मोठे निर्णय शक्य असतील तर पुढे ढकलावेत. घरच्यांनी ‘एवढंही आठवत नाही?’ हा प्रश्न टाळावा. त्याऐवजी नेमकं विचारावं: काल दुपारी कोण आलं होतं, काय बोलणं झालं. तपशिलाकडे हळूहळू परत नेणारे असे प्रश्न हरवलेल्या आठवणींना उपकारक ठरतात.

आजार जड असेल तर औषधं लागतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे किंवा त्याहून जास्त जातात आणि ती मनाने बंद करायची नसतात. हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयातून सुरुवात करून नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागापर्यंत जाता येतं. वाट बंद असेल तर फोन आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतून मिळते. मरणाचे विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाला एकटं सोडू नये, घरातली फवारणीची औषधं दूर ठेवावीत आणि मदत त्याच दिवशी घ्यावी.

ऋतुबद्ध नैराश्याची एक बाजू मात्र आपल्या फायद्याची आहे. ते कधी येणार हे आधी कळतं. अमेरिकेत २००६ मध्ये ब्युप्रोपियॉन या औषधाला हिवाळी नैराश्य येण्याआधीच, शरद ऋतूत सुरू करण्यासाठी मान्यता मिळाली. व्हर्मांट विद्यापीठाच्या केली रोहन यांनी प्रकाशोपचार आणि ऋतूला तोंड द्यायची रीत शिकवणारा संवादोपचार यांची तुलना केली. दुसऱ्या हिवाळ्यात प्रकाशोपचार घेतलेल्यांपैकी ४५.६ टक्के पुन्हा आजारी पडले, संवादोपचार घेतलेल्यांपैकी २७.३ टक्के. आधी शिकून ठेवलेली रीत पुढच्या वर्षीही कामी आली.

हरसूलमध्ये अशी तयारी ज्येष्ठात करता येते. ज्यांना मागचा पावसाळा जड गेला त्यांची नावं आशा कार्यकर्तीच्या वहीत असावीत. त्यांची रक्त तपासणी रस्ते चालू असतानाच व्हावी, चालू औषधं चार महिने पुरतील अशी सोय व्हावी, खावटीसारखी मदत आणि रेशन पहिल्या पावसाआधी पोचावं. डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘किती दिवसांपासून विसरताय?’ या प्रश्नाचं उत्तर देताना रुग्णाने आणखी दोन गोष्टी सांगाव्यात: कोणत्या महिन्यापासून, आणि गेल्या वर्षीही याच महिन्यात असंच झालं होतं का. निदानाची दिशा बहुतेक वेळा या दोन उत्तरांनीच ठरते, आणि पुढच्या वर्षीची तयारीही.